परसातल्या कोंबड्या-बदकांची थंडी: कोकणातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भात झोडून झालं, खळं सारवून झालं, की पहाटेचा गारठा जाणवायला लागतो आणि हे प्रश्न सुरू होतात. इथली उत्तरं परसात दहा-वीस कोंबड्या आणि चार-सहा बदकं पाळणाऱ्यांसाठी आहेत. हजार पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं असतं, ते इथे धरलेलं नाही.

कोकणात अशी थंडी पडते तरी किती?

किनाऱ्याला लागून असलेल्या गावांत डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचा पारा बहुतेक वेळा १७ ते २० अंशांच्या घरात राहतो. आत सरकलात की चित्र बदलतं. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. तिथे पारा काही पहाटे दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही जातो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतही हाच अनुभव येतो. आणि त्याच दिवशी दुपारी ऊन तीस अंशांवर जातं. पहाट आणि दुपार यांतलं हे अंतर हीच कोकणच्या हिवाळ्याची खरी खोड आहे.

मोठ्या, पिसं भरलेल्या कोंबडीला दहा अंश म्हणजे काहीच नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं, आणि पिसं फुगवून त्यांच्या आत ती ऊबदार हवा धरून ठेवते. कोरड्या जागी असेल तर ती शून्यालाही तग धरते. त्यामुळे शेजारची काकी ‘कोंबड्यांका खंयची थंडी?’ म्हणते, तेव्हा ती अर्धी बरोबर असते. उरलेला अर्धा भाग पुढच्या उत्तरांत आहे.

मग हिवाळ्यात कोंबड्या आजारी का पडतात?

ओलीमुळे. कोंबडीच्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. त्यात रात्रभराच्या श्वासाची वाफ मिळते. थंडी पडली म्हणून आपण खुराडं चारी बाजूंनी गच्च बंद करतो, आणि ती वाफ बाहेर न पडता पत्र्याला लागून थेंबांनी परत खाली येते. भुसा ओला होतो आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. अमोनियाने श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं, आणि मग एरवी पचून गेली असती अशी सर्दी छातीत उतरते. लोक म्हणतात, ‘थंडीने मेली’. वास्तविक ती कोंदट हवेने मेलेली असते.

तपासायची सोपी रीत सांगतो. पहाटे खुराड्याचं दार उघडायच्या आधी खाली वाका आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक न्या. उभं राहून वास घेण्यात अर्थ नाही, कारण कोंबडी तुमच्या नाकाच्या उंचीवर झोपत नाही. डोळे चुरचुरले किंवा नाकात झोंबलं, तर खुराडं थंड नसून बंद आहे असं समजा. पत्र्याच्या आतल्या बाजूने हात फिरवून बघा. हात ओला झाला तर वरच्या अंगाला हवा जायला वाट हवी.

गोणपाट लावायचं की नाही? लावायचं तर कुठल्या बाजूला?

लावायचं, पण जागा बदलून. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं.

पावसाळ्यात वारा आणि पाऊस समुद्राकडून, नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून आपण खुराड्याच्या पश्चिमेला झाप किंवा ताडपत्री बांधतो. पाऊस गेल्यावर ती तशीच राहते. हिवाळ्यात मात्र रात्रीचा वारा उलटा असतो. जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो, आणि मध्यरात्रीनंतर मतलई सुटते. ती डोंगराकडून, पूर्वेकडून येते. म्हणजे पश्चिमेला ताडपत्री आणि पूर्वेला उघडी जाळी अशी उलटीच तजवीज होते. पहाटेचा सगळ्यात गार झोत थेट माच्यावर बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर येतो.

तेव्हा हिवाळ्यात पूर्वेच्या बाजूला गोणपाट टाका, तेही कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंतच. वरची वीतभर जागा, छपराला लागून, चारी बाजूंनी उघडी ठेवा. वाफ तिथून जाते आणि झोत अंगाला लागत नाही. सूर्य वर आला की गोणपाट गुंडाळून ठेवायचं. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन आग्नेयेकडून तिरपं आत येतं. भुसा वाळवायला त्याच्याइतकं फुकट साधन दुसरं नाही.

प्लास्टिकची ताडपत्री चालेल का, असंही विचारतात. पावसात चालते. हिवाळ्यात तिच्या आतल्या बाजूला दव साचतं, म्हणून गोणपाट बरं. जुनी सुती चादरही चालते.

हिवाळ्यापेक्षा आषाढातच आमच्या कोंबड्या जास्त मरतात. असं का?

कारण कोकणातला खरा गारठा आषाढातलाच. पारा २४ अंश दाखवत असेल, पण कोंबडी भिजलेली असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. पिसांत अडकलेली हवा हेच तिचं पांघरूण आहे. पिसं भिजली की ते पांघरूण गेलं, आणि वर वारा असला की अंगातली ऊब भराभर निघून जाते. सलग झड लागली की ती वाळतही नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा मुलखात खुराड्याचा विचार पावसापासूनच सुरू करायला हवा. थंडीचं नंतर बघता येतं.

आगोटीच्या कामांतच खुराड्याचं काम धरा. पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडू नये म्हणून छपराची पाख दोन-अडीच फूट बाहेर काढा. जमीन जांभ्याची असेल तर पावसात तळातून पाणी पाझरतं. तिथे वरून कितीही तूस टाकलं तरी ते खालून ओलं होणार. अशा जागी खुराडं गुडघाभर उंच खांबांवर घेणं हाच उपाय. चिऱ्याचं जोतं असेल तर तेही चालतं, फक्त आतली जमीन बाहेरच्यापेक्षा वीतभर तरी उंच हवी.

कोंबडी चिंब भिजून आखडलेली सापडली तर तिला चुलीसमोर धरू नका. आधी सुक्या फडक्याने दाबून पाणी टिपा. मग खोक्यात सुका पेंढा घालून तिला वारा नसलेल्या जागी ठेवा. शेजारी गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून ठेवली तर ऊब हळूहळू मिळते. मान धरायला लागल्याशिवाय तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

खुराड्यात बल्ब लावू का?

मोठ्या कोंबड्यांसाठी नको. पिल्लांसाठी हवा. आणि कुठला बल्ब, हा प्रश्न आता महत्त्वाचा झालाय.

घरोघरी एलईडी आले. एलईडीने उजेड पडतो, ऊब जवळजवळ पडत नाही. पिल्लांच्या पेटीत एलईडी लावून ‘बल्ब लावला तरी पिल्लं मेली’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. ऊब हवी तर जुना पिवळा, तारेचा, साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब लागतो. तो बाजारात शोधावा लागतो, पण पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. कोकणात चौथ्या आठवड्यानंतर दिवसा बल्बची गरज उरत नाही, रात्री मात्र पिसं पूर्ण भरेपर्यंत बघावं लागतं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली असतील आणि चिवचिवाट चढा असेल, तर गार पडतंय. कडेला पळून चोच उघडी टाकून बसली असतील, तर बल्ब फार खाली आहे. सगळीकडे पांगून खात-झोपत असतील, तर हात लावू नका.

बल्ब नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवायचा नाही. साखळी किंवा तारेने स्वतंत्र बांधायचा, आणि भोवती जाळी लावायची. खाली तूस, वर झापांचं छप्पर आणि मध्ये तापलेला बल्ब, एवढं सगळं आग लागायला पुरेसं आहे.

लाईट गेली तर पिल्लांचं काय?

हा प्रश्न कोकणात विचारावाच लागतो. दोन-तीन प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरा, गोणपाटात गुंडाळा आणि पेटीच्या मधोमध ठेवा. वरून पेटी अर्धी झाका, पूर्ण नको. तीन-चार तासांनी पाणी बदला. आणि खुडूक, म्हणजे उबवायला बसणारी, कोंबडी घरात असेल तर हा प्रश्नच येत नाही. तिच्या पोटाखाली लाईट जात नाही.

शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं तर?

नको. बंद जागेत कोळशाचा धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो. पक्षी त्याला माणसाच्या आधी बळी पडतात.

बदकांना थंडी वाजत नाही, हे खरं का?

मोठ्या बदकांच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. बदक चोचीने ते तेल पिसांना लावत बसतं, म्हणून पाणी पिसांवरून घरंगळतं. त्यांच्या पायात आणखी एक युक्ती आहे. पायाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या आणि पायाकडून परतणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना चिकटून असतात. जाणारं रक्त आपली ऊब येणाऱ्याला देऊन टाकतं, त्यामुळे पाय थंड राहिले तरी अंगातली ऊब पाण्यात वाया जात नाही. गार पाण्यात बदक तासन्‌तास उभं राहतं ते यामुळे.

पण हे सगळं पिसं स्वच्छ असली तर. चिखलात लडबडलेल्या, अंघोळीला पाणी न मिळालेल्या बदकाच्या पिसांचं तेल जातं आणि ते कोंबडीसारखंच भिजतं. पोहायला तळं नसलं तरी चालतं, पण डोकं आणि नाकपुड्या पूर्ण बुडतील एवढं खोल पाणी रोज हवंच. जुनं खोल घमेलं किंवा अर्ध्यावर कापलेला ड्रम पुरतो. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी उशिरा अंघोळ केलेलं बदक ओलंच भुशावर जाऊन बसतं आणि आख्खा भुसा ओला करतं.

बदकं माच्यावर चढत नाहीत, खालीच झोपतात. म्हणून त्यांच्याखाली सुका थर जाड हवा. कोंबड्यांना माच्यावर पोटाखाली वारा लागतो, बदकांना जमिनीची ओल लागते.

कोंबड्या आणि बदकं एकाच खुराड्यात ठेवली तर चालतील?

दिवसा परसात एकत्र फिरली तर बिघडत नाही. रात्री वेगळी ठेवा. बदकाच्या विष्ठेत कोंबडीच्या विष्ठेपेक्षाही जास्त पाणी असतं, आणि पाण्याचं भांडं आत असेल तर ती ते रात्रभर सांडत बसतात. सकाळी खालचा चिखल बघितलात की पुन्हा हा प्रश्न पडणार नाही. जागाच एक असेल तर मध्ये फळीची आडवी भिंत घाला आणि बदकांची बाजू उताराला ठेवा.

बदकांना रात्री खाणं ठेवायचं असेल तर पाणीही ठेवावं लागतं, कारण सुकं खाद्य त्यांना पाण्याशिवाय गिळता येत नाही, घशात अडकतं. सोपा मार्ग म्हणजे मोठ्या बदकांना रात्री दोन्ही देऊ नका. संध्याकाळी पोटभर द्या, सकाळी पुन्हा.

कोंबडीखाली बदकाची अंडी बसवली आहेत. पिल्लं थंडीत निघतील. काही वेगळं करायचं का?

कोकणात ही जुनी पद्धत आहे, कारण अंड्यासाठी पाळलेली खाकी कॅम्पबेलसारखी बदकं स्वतः क्वचितच खुडूक होतात. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. मस्कोव्ही जातीच्या बदकाची असतील तर ३५ धरा. बहुतेक गावठी कोंबड्या एवढे दिवस बसतात, पण तिला रोज एकदा उठवून खायला-प्यायला घालायला हवं, नाहीतर ती वाळते.

खरी काळजी पिल्लं निघाल्यावर. बदकाचं पिल्लू दिसलं पाणी की उतरतं. बदकीण आई असेल तर तिच्या पिसांचं तेल पिल्लांच्या लवेला लागतं. कोंबडीच्या पोटाखाली ते मिळत नाही. त्यामुळे ही पिल्लं पाण्यात उतरली की लगेच भिजतात आणि गारठतात, आणि बिचारी कोंबडी काठावर ओरडत राहते. पहिले तीन-चार आठवडे त्यांना पोहू देऊ नका. पाण्याच्या ताटलीत गोटे घाला, म्हणजे चोच बुडेल पण अंग बुडणार नाही.

आणखी एक. बदकाच्या पिल्लांना नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेली पिल्लं पायात वाकतात, आणि लोक म्हणतात थंडीने पाय आखडले. खाद्यात यीस्ट मिसळा, किंवा पशुवैद्याला विचारून बी कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या.

खाली काय अंथरायचं? तूस, पेंढा, पातेरा की लाकडाचा भुसा?

भाताचं तूस सगळ्यात चांगलं. गिरणीवर मिळतं, सुकं राहतं, उलथायला सोपं. तीन-चार इंचांचा थर घाला, दर दोन-तीन दिवसांनी काठीने खालवर करा. मूठभर उचलून दाबून बघा. मूठ उघडल्यावर तूस विस्कटलं तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओलं झालं. थोडा चुना भुरभुरून उलथवा, तरीही गोळा होत असेल तर काढून टाका.

पेंढा ऊबदार असतो, पण ओल धरतो आणि लवकर बुरशी लागते, म्हणून फक्त सुक्या महिन्यांत. आंबा-काजूचा पातेरा फुकट असतो, पण आंब्याची पानं एकावर एक चिकटून बसतात आणि खालची ओल झाकून ठेवतात. वापरायचाच तर आठवड्याला बदला. लाकडाचा बारीक भुसा पिल्लं खाद्य समजून टिपतात. नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी धरून ठेवतो, तो झाडांना घाला.

थंडीत खाण्यात काय बदल करायचा?

थंडीत पक्षी थोडं जास्त खातो, कारण ऊब खाण्यातूनच येते. परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला वरून पन्नासेक ग्रॅम दाणा घालत असाल तर हिवाळ्यात एखादी मूठ वाढवा. ती संध्याकाळी द्या, खुराड्यात शिरायच्या आधी. अख्खा मका, भात किंवा नाचणी रात्रभर पोटात दळली जाते. सकाळी कोमट पाणी दिलंत तर त्या ते लवकर पितात. पाणी कमी प्यायलेली कोंबडी अंडंही कमी देते.

अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम लागतं, आणि आपल्याकडे ते समुद्र पुरवतो. तिसऱ्या खाऊन झाल्या की शिंपल्या धुऊन, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा. कोंबडी हवं तेवढं टिपते. सुकट, जवळा घालत असाल तर बिनमिठाचा घ्या. जास्त मीठ पोटात गेलं तर पक्षी पाणी पिऊन पिऊन हगवणीने जातात, पिल्लं तर पटकन.

आता मुद्द्याचं. कोकणातल्या दमटपणात साठवलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड यांना बुरशी लागते, आणि त्यातल्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पटापट मेल्या, बदकांची पिल्लंही गेली, आणि शोध घेताना शेंगदाण्याच्या पेंडीतलं हेच विष सापडलं. बदक या विषाला कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक असतं. त्यामुळे ‘कोंबड्यांना चाललं, बदकांना का नाही?’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा कणगीच्या तळाशी असतं. हे विष धुऊन जात नाही, उकळूनही नाहीसं होत नाही. कुबट वास येणारा, हिरवट-काळी छटा असलेला मका उन्हात वाळवून घालायचा विचार सोडा. तो खड्ड्यात टाका. कोंडा, कणी, पेंड एका महिन्याला पुरेल एवढीच आणा, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

कार्तिकानंतर अंडी एकदम कमी होतात. थंडीमुळे का?

थंडीचा त्यात फार थोडा वाटा. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला दिवसाला १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. शिवाय याच सुमाराला जुनी पिसं गळून नवी येतात, आणि पिसं म्हणजे बहुतांशी प्रथिनंच. अंड्याचा माल पिसांत जातो, दुसरं काही नाही. पिसं गळणाऱ्या कोंबडीला सुकट, गांडुळं, कुळथाची भरड असं काही तरी द्या आणि तिला हाताळू नका, नवी पिसं दुखतात.

अंड्यासाठी पाळलेल्या सुधारित जातीच्या कोंबड्या असतील तर पहाटे चारच्या सुमारास एलईडी लावून दिवस लांबवता येतो. इथे एलईडी चालतो, कारण हवा आहे तो उजेड. गावठीसाठी हा खटाटोप मी तरी करणार नाही. ती वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी घालते. तिला दोन महिने विश्रांती मिळाली तर ती पुढे बसेल आणि पिल्लं काढेल. बदकं अंडं बहुतेक पहाटे घालतात, म्हणून त्यांना सकाळी आठ-नऊच्या आधी सोडू नका. नाहीतर अंडी मळ्याच्या पाटात शोधत फिरावं लागतं.

कोंबडी फुगून बसली आहे. थंडी की आजार?

पहाटे सगळ्याच फुगून बसतात. ऊन आलं, दाणा पडला की धावल्या तर आजार नाही. ऊन चढल्यावरही एखादी डोळे मिटून, पंख लोंबवून, एकटी कोपऱ्यात उभी असेल तर ती आजारी आहे. तिला लगेच वेगळं करा. घरघर, शिंका, डोळ्यांत फेस, सुजलेला चेहरा म्हणजे सर्दी छातीत गेली. हिरवी हगवण, मान पिरगळणं, पाय लुळे पडणं म्हणजे मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, शंका. पिल्लांची विष्ठा रक्ताळलेली असेल तर रक्ती हगवण, आणि ती ओल्या भुशातूनच येते.

हळद, लसूण, तुळस घालायला हरकत नाही, त्याने नुकसान होत नाही. पण मानमोडी त्याने बरी होत नाही. मेडिकलमधून माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, नाहीतर १९६२ या क्रमांकावर विचारा.

मानमोडीची लस थंडीत द्यावी का?

थंडी सुरू व्हायच्या आधी द्या. मानमोडी म्हणजे राणीखेत. विषाणूचा रोग, औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आरटूबी ही लस टोचून, अशी साधारण पद्धत आहे. अडचण एकच: कुपी शंभर मात्रांची येते आणि तुमच्याकडे कोंबड्या पंधरा. एकदा द्रावण तयार केलं की ते दोनेक तासांत संपवावं लागतं. म्हणून वाडीतल्या सात-आठ घरांनी मिळून एक संध्याकाळ ठरवणं हाच व्यवहार्य मार्ग. एकाच घराने लस देऊन फारसा फायदा नाही, शेजारच्या कोंबड्या तुमच्याच उकिरड्यावर उकरायला येतात. लस दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फावर ठेवा. खिशात घालून मोटारसायकलवर आणलेली लस टोचून उपयोग नाही. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला टोचू नका.

थंडीत बर्ड फ्लूच्या बातम्या येतात. बदकं खाडीत सोडावीत का?

त्या काळात नकोत. हिवाळ्यात खाड्यांवर, पुळणींवर दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि पाणपक्ष्यांत हा विषाणू फिरतो. पाळीव बदक स्वतः फारसं आजारी न दिसता तो घरी आणू शकतं. भारतात हा रोग कोंबड्यांत पहिल्यांदा २००६ साली नवापूरला आढळला. २०२१ च्या जानेवारीत दापोलीकडच्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला होता, म्हणजे हे काही लांबचं संकट नाही. परसात एकाच वेळी पुष्कळ पक्षी मेले, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर हाताने उचलू नका आणि दवाखान्याला कळवा. चांगलं शिजवलेलं मांस आणि अंडी खायला हरकत नसते.

रात्री खुराड्यातून कोंबड्या जातात. थंडीत जनावरं जास्त येतात का?

मुंगूस, उदमांजर, रानमांजर, कोल्हा, अजगर, हे कोकणात बाराही महिने असतात. हिवाळ्यात फरक एवढाच, की रात्र मोठी आणि तुम्ही दार लावून आत. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्या-कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि ती वीतभर जमिनीत पुरा. कडीला खिळा अडकवा.

आमचा मुलगा कॅनडात कोंबड्या पाळतो. तिकडे उणे वीस असतं म्हणे. त्याला काय सांगू?

त्याला आपलं काही सांगायची गरज पडणार नाही, पण तिकडचं सूत्रही हेच आहे: सुकं आणि हवेशीर, झोत नको. तिथे पहिलं संकट तुऱ्याचं. मोठा एकेरी तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले हिमदंशाने काळे पडतात, आणि दमट खुराड्यात ते लवकर होतं. म्हणून तिथे बसक्या तुऱ्याच्या जाती पाळतात. शांतेक्लेर ही जात तर क्युबेकमध्ये त्या थंडीसाठीच तयार केलेली. तुरा गोठला तर चोळायचा नाही. माच्याला रुंद चपटी पट्टी लावतात, म्हणजे बसल्यावर बोटं पूर्ण पोटाच्या पिसांखाली येतात. दुसरं संकट पाण्याचं, ते गोठतं, म्हणून खाली हीटर असलेली भांडी वापरतात किंवा दिवसातून अनेकदा बदलतात. बदकांनाही तिथे खाली जाड पेंढा लागतो. आगीची भीती मात्र तिथे आणि इथे सारखीच.

उवा-पिसवा थंडीत वाढतात का?

कोंबड्या अंग चोरून एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे पसरतात. सुक्या मातीत चुलीची चाळलेली गार राख मिसळून एका कोपऱ्यात खड्डा करा, त्या लोळतात. माच्याच्या फटींना चुना लावा, माइट्स म्हणजे अंगावरचे बारीक किडे दिवसा तिथेच लपतात.

थंडीच्या दिवसांत टेम्पोवरून पिल्लं विकायला येतात. घ्यावीत का?

दिवसाची पिल्लं उघड्या टेम्पोत पहाटे घाट उतरून आलेली असतील तर नको. पिल्लू तळहातावर घेऊन पाय बघा. पाय गार आणि सुरकुतलेले, पोट ओलसर, मागची बाजू चिकटलेली असेल तर परत ठेवा. लस दिली का ते विचारा. महिन्याभराच्या तलंगा, म्हणजे वाढत्या वयाच्या कोंबड्या, चार पैसे जास्त देऊन घेतलेल्या परवडतात. आणलेले पक्षी दोन आठवडे जुन्यांत मिसळू नका.

गोणपाट कधी काढायचं?

शिमग्याची वाट बघू नका. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पूर्वेचे कोरडे वारे वाहायला लागले की किनाऱ्यावरही पारा दुपारी पस्तिशीच्या पुढे जातो, आणि तेव्हा प्रश्न उन्हाचा असतो. गोणपाट उतरवून उन्हात टाका आणि छपरावर झाप चढवा. हिवाळाभराचं तूस खरवडून काढा, पण थेट नारळाच्या आळ्यात घालू नका, ताज्या विष्ठेने मुळं जळतात. शेणखताच्या खड्ड्यात दोन-तीन महिने कुजू द्या. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला ते माडांना घालायला तयार होतं.